कोयनेपेक्षा उरमोडी मोठे? जावास्क्रिप्टमधल्या याद्या कुठे फसवतात

पावसाळा सुरू झाला की सांगली आणि सातारा जिल्ह्यांत एक यादी रोज फिरू लागते. धरणाचे नाव, आजचा पाणीसाठा, एकूण क्षमता आणि सुरू असलेला विसर्ग. वर्तमानपत्रात ती चौकटीत येते, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत तशीच्या तशी पुढे जाते आणि नदीकाठच्या गावांत ती हवामानाच्या अंदाजापेक्षा जास्त लक्षपूर्वक वाचली जाते. या यादीतल्या सात धरणांच्या क्षमता टीएमसीमध्ये अशा आहेत: कोयना १०५.२५, वारणा ३४.४०, धोम १३.५०, कण्हेर १०.१०, उरमोडी ९.९७, तारळी ५.८५ आणि धोम-बलकवडी ४.०८. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने हे सात आकडे जावास्क्रिप्टमध्ये भरले, यादी लहानाकडून मोठ्याकडे लावायला सांगितली आणि सर्वांत शेवटचा आकडा ‘सर्वांत मोठे धरण’ म्हणून पानावर दाखवला. पानावर कोयना येणार नाही. उरमोडी येईल. संगणक बिघडलेला नाही, टायपिंगची चूक नाही, लाल अक्षरांत इशाराही नाही. भाषेने सांगितलेले काम तिच्या नियमानुसार चोख केले आहे.

याद्यांवर काम करणारी छोटी छोटी फंक्शने प्रोग्रॅमर मंडळी एकदा लिहून ठेवतात आणि जन्मभर वापरतात. इंग्रजीत त्यांना हेल्पर म्हणतात. चार-पाच ओळींचा मजकूर असतो, म्हणून त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पण धरणांच्या यादीसारखी खरी माहिती त्यांच्यातून जाऊ लागली की याच चार ओळींवर सगळे अवलंबून राहते.

अ‍ॅरे म्हणजे काय आणि हेल्पर कशाला?

अ‍ॅरे म्हणजे क्रमाने लावलेली यादी. पहिल्या जागेचा क्रमांक शून्य, दुसऱ्या जागेचा एक, असे पुढे. यादीत आकडे असू शकतात, शब्द असू शकतात किंवा पूर्ण नोंदी असू शकतात. एका नोंदीत धरणाचे नाव, जिल्हा, क्षमता आणि आजचा साठा असे सगळे एकत्र बसते.

अशा यादीवर करायची कामे मोजकीच असतात. काही नोंदी गाळायच्या, प्रत्येक नोंदीतून एखादी गोष्ट काढायची, सगळ्यांची बेरीज करायची, क्रम लावायचा, गट पाडायचे, दुबार नोंदी काढून टाकायच्या. यांतली गाळणी म्हणजे फिल्टर, प्रत्येकावर तीच क्रिया म्हणजे मॅप आणि सगळ्यांचे मिळून एक उत्तर म्हणजे रिड्यूस. ही तीन फंक्शने २००९ पासून जावास्क्रिप्टच्या अधिकृत नियमांतच आहेत. हेल्पर त्यांच्यावर एक थर चढवतो आणि त्या कामाला नाव देतो. नाव मराठीतही देता येते. जावास्क्रिप्टला ‘बेरीज’ किंवा ‘एकदाच’ असे देवनागरी नाव चालते, ही गोष्ट अनेक वर्षे काम केलेल्यांनाही कधी कधी माहीत नसते. चार लोकांत मिळून काम करायचे असेल तर मात्र सगळ्यांच्या कीबोर्डचा विचार करावा.

उरमोडी शेवटी कशी गेली?

जावास्क्रिप्टमधले सॉर्ट हे फंक्शन, वेगळे काही सांगितले नाही तर, प्रत्येक गोष्टीचे आधी शब्दात रूपांतर करते आणि मग शब्दकोशात लावतात तसे एकेक चिन्ह पाहून क्रम लावते. आकड्यांनाही तोच न्याय. मग १०५.२५ हा आकडा राहत नाही. एक, शून्य, पाच, टिंब, दोन, पाच अशी चिन्हांची माळ होते. ९.९७ ची माळ ‘नऊ’ने सुरू होते आणि नऊ हे एकच्या नंतर येते. दोन्ही शब्दांचे पहिलेच चिन्ह वेगळे निघाले, की पुढे बघायची गरजच उरत नाही.

म्हणून सात धरणांचा क्रम असा लागतो: कण्हेर १०.१, कोयना १०५.२५, धोम १३.५, वारणा ३४.४, बलकवडी ४.०८, तारळी ५.८५, उरमोडी ९.९७. पाटण तालुक्यातला अवाढव्य शिवसागर जलाशय यात सातपैकी दुसऱ्या क्रमांकाचा लहान ठरतो. आलमट्टीचे १२३ टीएमसी यात घातले तर तेही धोमच्या अलीकडे, कोयनेला चिकटून बसेल.

हा नियम भाषेच्या अगदी सुरुवातीच्या काळापासूनचा आहे. यादीत काहीही असू शकते, शब्द, आकडे, दोन्ही मिसळलेले, म्हणून सगळ्यांना लागू पडेल असा एक सामाईक मार्ग निवडला गेला. आता तो बदलता येत नाही, कारण त्यावर उभी असलेली असंख्य जुनी पाने मोडतील.

उपाय एका ओळीचा आहे. सॉर्टला तुलना करणारे फंक्शन द्यायचे: अ आणि ब असे दोन आकडे घ्यायचे आणि अ वजा ब परत करायचे. उत्तर ऋण आले तर अ आधी, धन आले तर ब आधी, शून्य आले तर दोघे सारखे. पूर्ण नोंदी असतील तर अ-ची क्षमता वजा ब-ची क्षमता. इथे आणखी एक खाचखळगा आहे. काही जण वजाबाकीऐवजी ‘अ हा ब-पेक्षा मोठा आहे का’ एवढाच प्रश्न विचारून हो किंवा नाही परत करतात. ‘नाही’चे शून्य होते, म्हणजे ‘दोघे सारखे’, आणि क्रम चुकीचा लागू शकतो. पूर्ण नोंदींच्या यादीवर तुलना न देता नुसते सॉर्ट चालवले तर त्याहून गंमत होते: प्रत्येक नोंदीचे शब्दरूप एकच असल्याने यादी जशी होती तशीच राहते आणि लिहिणाऱ्याला वाटते, क्रम लागला.

सॉर्टची दुसरी सवयही ठाऊक असायला हवी. ते नवी यादी देत नाही, आहे तीच यादी हलवते. एकाच पानावर दोन तक्ते असतील, एक नदीच्या वरच्या धरणाकडून खाली येणारा आणि दुसरा क्षमतेनुसार, तर दुसऱ्यासाठी लावलेला क्रम पहिल्यालाही बिघडवतो. पूर्वी यासाठी आधी यादीची नक्कल करत. २०२३ च्या नियमांत टू-सॉर्टेड आले. ते मूळ यादीला हात न लावता नवी देते. पण नक्कल उथळच असते हे विसरू नये. यादी नवी होते, तिच्यातल्या नोंदी त्याच राहतात. नकलेतल्या कोयनेचा साठा बदलला की मूळ यादीतलाही बदलतो.

दिसायला आकडा, असतो का आकडा?

वरच्या उदाहरणात यादीत खरे आकडे होते. प्रत्यक्षात माहिती येते ती फॉर्ममधून, एक्सेलच्या फाइलमधून किंवा मराठी प्रसिद्धिपत्रकातून उचललेल्या मजकुरातून, आणि तिथे सगळे शब्दच असतात. खरी पडझड होते ती इथे.

आधी देवनागरी अंक. या लेखातले आकडे देवनागरीत आहेत आणि वाचणाऱ्याला त्यात काही अडत नाही. जावास्क्रिप्टला अडते. संगणकाच्या लेखी प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, देवनागरी शून्याचा २४०६. आकडा करून दे म्हटले तर भाषा फक्त इंग्रजी अंक ओळखते आणि देवनागरी १०५ समोर आला की ‘हा आकडा नाही’ असे उत्तर देते. या उत्तराला नॅन म्हणतात. मराठी माहितीवर काम करणाऱ्याच्या पेटीत म्हणून पहिले अवजार हेच हवे: देवनागरी अंक घ्यायचा, त्याच्या क्रमांकातून २४०६ वजा करायचे, उरलेला शून्य ते नऊमधला अंक जागेवर ठेवायचा. उलट दिशेचे काम भाषेतच तयार आहे. आकडा दाखवताना मराठी-भारत अशी खूण दिली की तो देवनागरीत आणि लाखाच्या स्वल्पविरामांसह छापला जातो. साठवताना साधा, दाखवताना मराठी, हे धोरण सोयीचे.

स्वल्पविरामाची गोष्ट जास्त गंभीर आहे. समजा, विसर्ग १,०५,००० क्युसेक असा लिहून आला. अंक इंग्रजी असले तरी नंबर हे फंक्शन त्याला नॅन म्हणेल, कारण स्वल्पविराम त्याला मान्य नाही. पार्स-इंट मात्र पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच वाचते आणि तिथे थांबते. उत्तर येते: एक. एक लाख पाच हजारांचा विसर्ग एक क्युसेक होतो आणि कुठेही काही तुटत नाही. या दोघांपैकी नॅन देणारे फंक्शन जास्त प्रामाणिक म्हणावे लागेल. ते निदान आपल्याला कळले नाही हे सांगते.

तुलनेतही हेच. दोन्ही बाजूंना शब्द असतील तर जावास्क्रिप्ट शब्दांसारखीच तुलना करते. इशाऱ्याची मर्यादा ४५००० अशी चौकटीतून आली, विसर्ग १००००० असा दुसऱ्या चौकटीतून आला, आणि दोन्ही शब्दच राहिले, तर ‘विसर्ग मर्यादेपेक्षा जास्त आहे का’ या प्रश्नाला उत्तर मिळते: नाही. एक हे चारच्या आधी येते ना! आयर्विन पुलाजवळच्या पातळीचेही तसेच, फक्त उलट दिशेने. सांगलीत तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. शब्दांची तुलना करणारी गाळणी ९ फुटांची नोंद ४५ फुटांच्या वर टाकेल आणि उन्हाळ्यात धोक्याची घंटा वाजवेल. अशी घंटा दोनदा वाजली की तिसऱ्यांदा कोणी बघत नाही.

आणखी एक सापळा जुना आणि प्रसिद्ध आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाचा आकडा करायचा म्हणून मॅपला थेट पार्स-इंट देऊन टाकतात. मॅप प्रत्येक वेळी नुसता शब्द देत नाही, सोबत जागेचा क्रमांकही देते. पार्स-इंटला दुसरी गोष्ट मिळाली की ते ती ‘कोणत्या पायाच्या संख्यापद्धतीत वाचू’ याचे उत्तर समजते. ‘१०, १०, १०’ अशी तीन शब्दांची यादी दिली तर बाहेर येतात १०, नॅन आणि २. तिसरा दहा द्विमान पद्धतीत वाचला गेला. प्रत्येक शब्दासाठी नंबर वापरणारे स्वतःचे दोन ओळींचे हेल्पर लिहिले की हा प्रश्न उरत नाही.

राहिली रिकामी जागा. एखाद्या दिवशी तारळीचा आकडा आलाच नाही आणि फाइलमध्ये ती चौकट मोकळी राहिली. रिकाम्या शब्दाचा आकडा करा म्हटले तर नंबर शून्य देते. पत्रकात धरण कोरडे पडले, असा त्याचा अर्थ होईल. ‘माहिती नाही’ आणि ‘पाणी नाही’ यांतला फरक भाषा सांभाळत नाही. तो हेल्परलाच सांभाळावा लागतो: मोकळी चौकट, नुसती रेघ, ‘निरंक’ असा शब्द, या प्रत्येकाचे काय करायचे हे तिथे ठरवून लिहायचे.

बेरीज बरोबर, सरासरी चूक

बेरजेचे हेल्पर सोपे. शून्यापासून सुरुवात करायची आणि एकेक आकडा मिळवत जायचे. सात धरणांची एकूण क्षमता १८३.१५ टीएमसी येते. सुरुवातीचे शून्य देणे मात्र विसरायचे नाही. ते नसेल तर रिकाम्या यादीवर रिड्यूस सरळ चूक म्हणून थांबते. रिकाम्या यादीची सरासरी म्हणजे शून्य भागिले शून्य, तिचे उत्तर नॅन. रिकाम्या यादीतला सर्वांत मोठा आकडा विचारला तर जावास्क्रिप्ट ‘उणे अनंत’ म्हणते. गणिताच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पानावर छापायला अजिबात नाही.

यापेक्षा मोठी चूक अशी होते की हेल्पर अचूक असते आणि ते चुकीच्या गोष्टीवर चालवले जाते. समजा, बलकवडी १०० टक्के भरले आहे आणि कोयना ५० टक्के. टक्क्यांची सरासरी ७५. पानावर छापले जाते, ‘दोन्ही धरणांत सरासरी ७५ टक्के पाणी’. प्रत्यक्षात बलकवडीत ४.०८ टीएमसी आणि कोयनेत सुमारे ५२.६३ टीएमसी पाणी आहे. दोन्ही मिळून १०९.३३ पैकी ५६.७१, म्हणजे जेमतेम ५२ टक्के. टक्क्यांची सरासरी घेणे म्हणजे घागर आणि टाकी सारखीच मानणे. म्हणून याद्यांच्या पेटीत ‘सरासरी’ या हेल्परशेजारी ‘एकूण टक्के’ नावाचे वेगळे हेल्पर ठेवावे. ते आधी साठ्यांची बेरीज करते, मग क्षमतांची, आणि भागाकार शेवटी एकदाच.

एकच गाव चार वेळा

दुबार नोंदी काढायचे काम २०१५ पासून अगदी सोपे झाले आहे. त्या वर्षी सेट नावाचा प्रकार आला. त्यात एक गोष्ट एकदाच राहते. यादी सेटमध्ये टाकायची, पुन्हा यादी करून घ्यायची, झाले. एका ओळीचे हेल्पर.

पण ‘एकच गोष्ट’ कशाला म्हणायचे? कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे सातारा जिल्ह्यातले गाव घ्या. बोलण्यात आणि बहुतेक लिखाणात कराड, जुन्या आणि अनेक सरकारी कागदांत कऱ्हाड. ही दोन रूपे वेगळी आहेत हे निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारा घोळ ‘कऱ्हाड’ या एकाच रूपात आहे. त्यातला ऱ तीन प्रकारे टाइप होतो. एक, स्वतंत्र अक्षर म्हणून, ज्याचा क्रमांक २३५३ आहे. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. सेटच्या दृष्टीने ती तीन वेगळी गावे. चौथे कराड. शेवटी एक मोकळी जागा राहून गेली असेल तर पाचवे.

पुरानंतरच्या मदतीची यादी, पाणीपट्टीची यादी, सोसायटीच्या सभासदांची यादी, कुठलीही घ्या; गावाच्या नावावरून दुबार नोंदी काढल्या तर एकाला दोनदा मिळण्याची आणि गट पाडले तर अर्धे गाव दुसऱ्या चौकटीत जाण्याची ही सरळ वाट आहे.

यावर भाषेत एक इलाज आहे, नॉर्मलाइझ. ते पहिले दोन प्रकार एकसारखे करते, कारण युनिकोडच्या नियमांत ते समान मानले आहेत. तिसऱ्याला ते हात लावत नाही. मग काही जण अदृश्य चिन्हे सरसकट उडवून टाकतात. तसे केले तर र आणि ह यांचा जोड बदलतो, ऱ-ची आडवी चंद्रकोर जाऊन ह-वर रफार चढतो आणि कऱ्हाडचे भलतेच काही होते. म्हणून आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी स्वतंत्र ऱ आणि हलन्त बसवायचे, मग नॉर्मलाइझ करायचे आणि शेवटी दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटायच्या. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांनाही हेच लागू आहे. मराठीत काम करणाऱ्याला हे हेल्पर आज ना उद्या लिहावेच लागते. इंग्रजी पुस्तकांतल्या तयार संचात ते मिळत नाही.

आणि एवढे करूनही नाव ही ओळख म्हणून कच्चीच. सातारा हे शहर आहे, तालुका आहे आणि जिल्हाही आहे. खंडाळा म्हटले की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला घाट आठवतो, साताऱ्यात तो तालुका आहे. वाळवा हा सांगलीतला तालुका आणि त्याच तालुक्यातले गाव. नावावरून दुबार काढणारे हेल्पर यांतली खरीखुरी वेगळी नोंदही गिळून टाकेल. जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. उपलब्ध असेल तिथे तोच वापरावा. पूर्ण नोंदी थेट सेटमध्ये टाकून तर काहीच होत नाही. दोन नोंदींतला मजकूर अक्षरशः एक असला तरी जावास्क्रिप्ट त्यांना दोन वेगळ्या वस्तू मानते. त्यासाठी ‘कशावरून एकच’ हे हेल्परला बाहेरून सांगावे लागते.

सपाट करण्यावरून झालेले भांडण

साताऱ्याचे अकरा तालुके एका यादीत, सांगलीचे दहा दुसऱ्या यादीत आणि या दोन याद्या मिळून तिसरी यादी. एकवीस नावांची एकच सरळ यादी हवी असेल तर आतल्या कंसांची घडी मोडावी लागते. पूर्वी हे काम करणारे हेल्पर प्रत्येकाकडे असायचेच. ते भाषेतच घ्यायचे ठरले तेव्हा नाव सुचवले गेले फ्लॅटन. पण मूटूल्स नावाच्या जुन्या संचाने त्याच नावाचे स्वतःचे फंक्शन कधीच जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेला जोडून ठेवले होते आणि त्यावर चालणारी जुनी पाने नव्या ब्राउझरमध्ये मोडू लागली. २०१८ मध्ये यावर बराच गदारोळ झाला. थट्टेत ‘स्मूश’ हे नावही सुचवले गेले. शेवटी फ्लॅट ठरले आणि २०१९ च्या नियमांत आले. यादीत एखादी गोष्ट आहे का हे सांगणाऱ्या इन्क्लूड्सचे मूळ सुचवलेले नाव कन्टेन्स होते. तेही याच संचामुळे बदलावे लागले.

यातून एक व्यावहारिक नियम पुढे आला आहे: स्वतःचे हेल्पर सुटे ठेवायचे, जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेलाच कायमचे चिकटवायचे नाही. आज निवडलेले नाव उद्या भाषेला हवे असू शकते.

उलट दिशेचे काम, म्हणजे एका यादीतून जिल्ह्यानुसार गट पाडणे, २०२४ च्या नियमांत ग्रुप-बाय म्हणून आले. जुन्या फोनवर जुने ब्राउझर असतात, म्हणून काही वर्षे तरी पाच ओळींचे घरचे हेल्पर हाताशी असलेले बरे.

काळे आधी की कावळे?

नावांची यादी वर्णानुक्रमाने लावायला घेतली की मराठीचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. नुसते सॉर्ट चिन्हांच्या क्रमांकाने चालते. त्यात ल २३५४ वर, ळ २३५५ वर, व २३५७ वर आणि ह २३६१ वर आहे. म्हणून काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी येतात. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह-नंतर आहे, म्हणजे काळे या तिघांत शेवटी हवेत. क्षीरसागरांचे आणखी वेगळे. युनिकोडमध्ये क्ष हे एक अक्षर नाही, क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे आहेत, त्यामुळे क्षीरसागर जातात कोळींच्या नंतर आणि खरातांच्या आधी. संस्कृत पद्धतीच्या कोशांत हेच बरोबर मानतात. हजेरीपटाची सवय असलेल्या माणसाला मात्र ते नाव यादीच्या अगदी शेवटी शोधायचे असते.

सॉर्टला तुलनेसाठी लोकेल-कम्पेअर देऊन त्यात मराठीची खूण घातली की क्रमांकाऐवजी भाषेचा क्रम मागितला जातो. यादी मोठी असेल तर तुलना करणारे साधन एकदाच तयार करून सगळीकडे वापरावे, वेगात फरक पडतो. पण हे काम ब्राउझरमध्ये भरलेल्या भाषेच्या माहितीवर अवलंबून आहे. म्हणून काळे, कावळे, कासार, क्षीरसागर, खरात ही पाच नावे चाचणीसाठी कायम जवळ ठेवावीत.

स्वतः लिहावे की आयते घ्यावे?

आयते संच भरपूर आहेत. २००९ मध्ये अंडरस्कोर आला, पुढे लोडॅश आला आणि त्यांतली बरीच कामे आता भाषेतच आली आहेत. यादीचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडणे किंवा दोन याद्यांतला फरक काढणे यासाठी लोडॅशसारखा संच वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार झालेला आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. दोन ओळींच्या कामासाठी बाहेरचे पॅकेज मात्र दोनदा विचार करून घ्यावे. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे, शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणारे, जेमतेम अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने वादानंतर स्वतःच्या इतर अडीचशेहून अधिक पॅकेजेससह एनपीएमच्या कोठारातून काढून घेतले. त्यावर आडून आडून विसंबलेले बॅबेलसारखे मोठे प्रकल्पही काही तास उभारता येईनात. शेवटी ते पॅकेज कोठारानेच परत आणले.

घरचे हेल्पर लिहिले तर त्याच फाइलच्या खाली त्याची परीक्षाही लिहून ठेवावी. धरणांच्या पानासाठी ती अशी असू शकते: रिकामी यादी, एकच धरण असलेली यादी, मोकळी चौकट, ‘१,०५,०००’ असा स्वल्पविरामांचा आकडा, एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी अंकांत, तिन्ही प्रकारे टाइप केलेले कऱ्हाड, आणि सात क्षमतांची यादी, जिच्यात बलकवडी सर्वांत वर व कोयना सर्वांत खाली आलीच पाहिजे. सगळे मिळून वीसेक ओळी होतात.